बांधाच्या आतले तेल, बांधाबाहेरची माणसे

बेंगळूरूच्या पूर्वेस, व्हाइटफील्डहून मालूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर देवनगोंथी हे छोटेसे स्थानक आहे. तेथे सार्वजनिक तेल कंपन्यांची आगारे असून, मंगळूरूहून हासनमार्गे येणारी तेलवाहिनीही याच परिसरात संपते. शहर मात्र थांबलेले नाही. त्याची वस्ती या टाक्यांच्या दिशेने सरकतच आहे.

अशा टाक्यांसाठी आपल्याकडे नियम नाहीत, असे नाही. पेट्रोलियम कायदा १९३४चा आहे आणि त्याखालील विद्यमान नियमावली २००२ची. परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. टाक्यांभोवती बांध हवा, आणि त्यातील सर्वांत मोठी टाकी फुटली तरी सारे तेल त्या बांधात मावले पाहिजे. बांधातले पावसाचे पाणी सोडणाऱ्या नळाला बाहेरून चालवता येणारा व्हॉल्व्ह हवा आणि एरवी तो बंदच राहिला पाहिजे. शेवटची अट किरकोळ वाटते. पण हा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर तो भक्कम बांध असून नसल्यासारखाच.

तथापि, पेट्रोलच्या वाफांना बांधही अडवू शकत नाही. २९ ऑक्टोबर २००९च्या सायंकाळी जयपूरजवळील सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात, दुसऱ्या कंपनीकडे पेट्रोल पाठवण्याची तयारी सुरू असताना गळती झाली. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. वाफांचा ढग परिसरभर पसरला आणि त्याचा स्फोट झाला. ११ जणांचा बळी गेला, त्यांतले काही आगाराबाहेरचे होते. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीने दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह, वाफा हेरणारी यंत्रणा आणि कार्यपद्धतीचे काटेकोर पालन यांवर भर दिला. त्याआधी चारच वर्षे, डिसेंबर २००५मध्ये, इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे टाकीची पातळी दाखवणारे मापक अडकून बसले आणि पेट्रोल ओसंडून असाच ढग तयार झाला होता. धडा उपलब्ध होता. तो आपल्या आगारांपर्यंत पोहोचला नव्हता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात कायद्याचे दोन कालखंड दिसतात. १९३४च्या कायद्याचे लक्ष मुख्यतः तेल आणि ते साठवणारा यांच्यावर आहे. भोपाळनंतर, १९८९मध्ये आलेल्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी शेजाऱ्याचाही विचार केला. मोठ्या साठ्याच्या आवाराबाहेरील आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाने करावा, वर्षातून किमान एकदा त्याची रंगीत तालीम व्हावी आणि धोक्याच्या टप्प्यातील लोकांना आस्थापनेने आगाऊ माहिती द्यावी, असे ते नियम सांगतात.

सेवेत असताना अशा तालमी मी पाहिल्या आहेत. भोंगा वाजे, बंब धावत येत, कर्मचारी ठरल्या जागी जमत आणि इतिवृत्तात समाधान नोंदवले जाई. रहिवासी मात्र कुंपणापलीकडे प्रेक्षक म्हणून उभे असत. वास आला तर चूल पेटवायची की नाही, गाडी सुरू करायची की नाही आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूस जायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसे. सीतापुऱ्याच्या त्या सव्वा तासात नेमकी हीच माहिती जीवनमरणाची होती.

म्हणून नव्या नियमावलीपेक्षा तीन साध्या गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. तालमीत शेजारच्या वस्तीला सामील करून घ्यावे. तपासणीत सापडलेल्या त्रुटी आणि त्यांच्या पूर्ततेची तारीख स्थानिक भाषेत, बेंगळूरूत कन्नडमध्ये तर मुंबईत मराठीत, जाहीर व्हावी. आणि आगाराभोवतीच्या जमिनीचा वापर बदलताना नियोजन प्राधिकरणाने हा आराखडा समोर ठेवल्याशिवाय मंजुरी देऊ नये. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद आहे की नाही, हे रोज पाहणे आगाराचे काम आहे. ते होते की नाही, हे विचारण्याचा अधिकार मात्र भिंतीला लागून राहणाऱ्याचा आहे.