पुनर्लेखन, कादंबरीचे
पुनर्लेखन, कादंबरीचे : कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर लेखकाने तो पुन्हा वाचून त्याची रचना, पात्रचित्रण, निवेदन व भाषा यांत केलेले फेरफार. मुद्रणापूर्वीची शुद्धलेखनाची तपासणी अथवा शब्दांची सफाई यांहून ही प्रक्रिया वेगळी आहे. आपल्याला काय सांगावयाचे आहे, हे लेखकाला पुष्कळदा पहिला खर्डा संपल्यावरच उमगते. त्यामुळे पुनर्लेखन हे निर्मितीनंतरचे काम नसून निर्मितीचाच एक भाग ठरते.

कादंबरीचे लेखन बहुधा दीर्घकाळ व खंड पडत चालते. साहजिकच पात्रांची वये, नाती, घटनांचा क्रम यांत विसंगती शिरतात. त्या शोधणे तुलनेने सोपे असते. खरी अडचण निराळीच असते. मनात असलेले, पण कागदावर न उतरलेले लेखक वाचताना स्वतःच्या स्मृतीतून भरून काढतो. वाचकाला मात्र तेथे पोकळी जाणवते. म्हणून हस्तलिखित काही काळ बाजूला ठेवणे, ते मोठ्याने वाचणे किंवा विश्वासू वाचकाच्या हाती देणे, असे उपाय योजले जातात. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेअर आपली वाक्ये मोठ्याने वाचून पारखीत असे. १८४९ मध्ये त्याने सेंट अँटनीवरील आपली कृती दोन मित्रांना सलग चार दिवस वाचून दाखविली. ती अग्नीच्या स्वाधीन करावी, असा त्यांनी अभिप्राय दिला. फ्लोबेअरने ती बाजूला ठेवली, पण सोडली नाही. पुन्हा लिहून काढलेले तिचे रूप १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुनर्लेखन मोठ्या प्रश्नांकडून लहान प्रश्नांकडे जाणे हितकारक असते. प्रथम संपूर्ण खर्डा दुरुस्ती न करता सलग वाचावा. नंतर संविधानक व निवेदकाचा दृष्टिकोन, त्यानंतर एकेक प्रसंग व शेवटी वाक्ये, असा क्रम ठेवावा. प्रारंभीच भाषा घासूनपुसून घेतली, तर अनावश्यक प्रकरणही केवळ सुरेख लिहिले गेले म्हणून टाकवत नाही.

पुनर्लेखनाने काय साधते, याचे बोलके उदाहरण म्हणजे जेन ऑस्टेनची पर्स्वेशन ही कादंबरी. जुलै १८१६ मध्ये ऑस्टेनने तिचा शेवट लिहिला. त्यात ॲन इलियटचा विवाह दुसरीकडे ठरल्याची अफवा खरी आहे काय, हे ॲडमिरल क्रॉफ्टच्या सांगण्यावरून कॅप्टन वेंटवर्थ तिला विचारतो. ती नकार देते आणि दोघांचे मीलन होते. हा शेवट सुसंगत होता; तथापि त्यात नायिकेला केवळ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत होते. ऑस्टेनचे समाधान झाले नाही. तिने त्या ठिकाणी दोन नवी प्रकरणे लिहिली. त्यांत ॲन ही कॅप्टन हारव्हिलशी स्त्रियांच्या व पुरुषांच्या प्रेमातील निष्ठेविषयी बोलते. जवळच लिहीत बसलेला वेंटवर्थ ते ऐकतो आणि तिला पत्र लिहितो. आठ वर्षे मूक राहिलेल्या नायिकेचे शब्दच आता कथेला वळण देतात. हे काम ऑगस्टच्या प्रारंभी संपले. पुढच्याच वर्षी ऑस्टेन निधन पावली आणि कादंबरी डिसेंबर १८१७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली. रद्द केलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

प्रत्येक बदल निर्विवाद सुधारणा ठरतो, असे मात्र नाही. चार्ल्स डिकिन्सने ग्रेट एक्स्पेक्टेशन्सचा (१८६१) मूळचा वियोगसूचक शेवट बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सल्ल्यावरून बदलला. मूळ शेवट फॉर्स्टरकृत डिकिन्सचरित्रातून १८७४ मध्ये उजेडात आला आणि दोहोंपैकी सरस कोणता, हा वाद तेव्हापासून चालू आहे. टॉलस्टॉयने वॉर अँड पीसमधील फ्रेंच संभाषणे १८७३ च्या आवृत्तीत रशियनमध्ये आणली; पुढील आवृत्त्यांत ती पुन्हा मूळ रूपात छापली गेली.

प्रकाशनाची पद्धतीही पुनर्लेखनावर मर्यादा घालते. एकोणिसाव्या शतकात अनेक कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध होत. ह. ना. आपटे यांची पण लक्षांत कोण घेतो! ही कादंबरी करमणूक पत्रात १८९० पासून अशीच आली. अशा लेखनात आरंभीची प्रकरणे वाचकांच्या हाती गेलेली असल्याने, शेवट सुचल्यावर आरंभ बदलण्याची मोकळीक ग्रंथरूप आवृत्तीपर्यंत मिळत नाही.

खाडाखोड असलेली हस्तलिखिते अभ्यासकांना लेखकाच्या विचाराचा मार्ग दाखवितात. संगणकावर लिहिताना मधले पाठ जपून ठेवले नाहीत, तर ते सहज पुसले जातात. म्हणून प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र प्रत ठेवणे अभ्यासकांप्रमाणेच लेखकासही उपयुक्त ठरते. कारण टाकून दिलेला परिच्छेदच योग्य होता, असे पुढील वाचनात आढळून येऊ शकते.