प्रकाशाने वाकणारे प्लास्टिक

मिलिमीटरहून लहान यंत्र बनवायचे, तर खरी अडचण हातापायांची नसते, बॅटरीची असते. ती बसवायला जागाच नाही. म्हणून ऊर्जा आणि हुकूम दोन्ही बाहेरूनच पोचवायला हवेत, आणि हे काम प्रकाश एकाच वेळी करतो. २००३ मध्ये जपानमध्ये तोमिकी इकेदा आणि सहकाऱ्यांनी अझोबेन्झीन मिसळलेल्या द्रवस्फटिकी प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर अतिनील प्रकाश टाकला. ती वाकली, आणि दृश्य प्रकाशात पुन्हा सपाट झाली. प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा बदलली की वाकण्याची दिशाही बदलत होती. अझोबेन्झीनचा लांबट रेणू अतिनील प्रकाशात मुडपतो. द्रवस्फटिकांच्या शिस्तबद्ध रांगेत असे असंख्य रेणू मुडपले की रांग विस्कटते आणि पदार्थ आकसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की हा प्रकाश फिल्मच्या आत फारसा शिरतच नाही. खरे आहे, पण वाकणे घडते ते त्यामुळेच! वरचा थर आकसतो, खालचा तसाच राहतो, म्हणून फिल्म प्रकाशाकडे झुकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रकाशातली थोडीच ऊर्जा हालचालीत उतरते. मोठ्या यंत्राला हे परवडणार नाही. इथे मात्र दिवा यंत्राबाहेर असतो आणि त्याचा झोत हवा तिथेच पाडता येतो. २०१६ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत संशोधकांनी हिरव्या प्रकाशाचे सरकते पट्टे टाकून मिलिमीटरभर लांबीचे मऊ जलतरणपटू पोहवले. अशी यंत्रे शरीरात खोलवर चालवायची तर मात्र ऊती प्रकाश अडवतात, अतिनील किरण पेशींना इजा करतात. तिथे चुंबकीय क्षेत्रच आज सरस ठरते.