गाडीला ओरखडासुद्धा नाही

मानोऱ्याहून कारंज्याकडे किंवा दिग्रसकडे रात्री गाडी नेणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक म्हणजे एकच दिवा लावून समोरून येणारा ट्रॅक्टर आणि दुसरी म्हणजे रोही. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी अंगलट घोड्याची. मोठा नर दोन-अडीचशे किलोंचा आणि उभा राहिला तर त्याचा खांदा माणसाच्या छातीपर्यंत येतो. सोयाबीन आणि तूर उभी असली की हे कळप वावरात उतरतात, कुत्री मागे लागली की डांबरी रस्त्यावर येतात आणि गाडीचे दिवे डोळ्यांवर पडले की तिथेच थिजतात.

दिवाळीच्या आधी माझ्या भाच्याच्या गाडीपुढे असाच एक रोही आला. गाडी नवी कोरी, मागे बायको आणि दोन मुले. त्याने करकचून ब्रेक दाबला, रोही उडी मारून गेला, कुणाला काही झाले नाही. पण भाच्याची झोप उडाली. चार दिवसांत त्याने दोन इंची पाइप, शंभर मिलिमीटरचे चॅनल आणि सहा मिलिमीटरच्या पत्र्याचा तुकडा विकत आणला आणि मला फोन केला. “मामा, तुमचे ते मानोऱ्याचे मिस्त्री अजून आहेत ना? समोर एक जबरदस्त बंपर करून घ्यायचा आहे. तुम्ही सांगितलं तर ते लगेच करतील.”

मिस्त्री ‘माझे’ कसे, ते सांगतो. १९९४ साली मी मानोऱ्याच्या एका बँकशाखेत अधिकारी होतो. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला. आमचा जिल्हा अकोला, गाड्यांचे नंबर एमएच ३०. प्रधानमंत्री रोजगार योजना २ ऑक्टोबर १९९३ रोजी सुरू झाली होती आणि आमच्या टेबलावर अर्जांचे ढीग पडत होते. त्या ढिगात आयटीआयमधून वेल्डरचा कोर्स केलेल्या एका मुलाचा अर्ज होता. बाकीच्यांना किराणा दुकान नाहीतर एसटीडी बूथ काढायचा होता. याला ट्रान्सफॉर्मर, ग्राइंडर आणि गॅस कटर हवा होता. मी कर्ज मंजूर केले. त्याने हप्ते वेळेवर भरले. बँकेच्या नोकरीत असे कर्जदार बोटांवर मोजण्याइतके भेटतात, म्हणून ते लक्षात राहतात.

त्या वर्षांत काळी-पिवळी जीप हीच आमच्या भागाची खरी बस होती. महिंद्रांनी मुंबईत १९४७ पासून जी विलीज जीप जोडायला सुरुवात केली तिचेच वंशज खेड्यापाड्यांत धावत होते. सोबतीला पुण्याच्या बजाज टेंपोची ट्रॅक्स. आत किती माणसे बसली आहेत हे मोजायची पद्धत नव्हती, बाहेर किती लटकली आहेत ते मोजायचे. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरली की तांड्यातांड्यांतून बंजारा मंडळी संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला निघत, आणि जीपच्या टपावर, मागच्या पायरीवर, एवढेच काय समोरच्या बंपरवरही तरुण पोरे बसलेली असत. बंपर किती मजबूत आहे हे त्या वेळी त्यावर किती जण बसतात यावरून ठरायचे, ही थट्टा नव्हे.

आमच्या मिस्त्रींचे बंपर त्या पट्ट्यात नावाजले गेले. त्यांचे काम मी कितीदा तरी उभा राहून पाहिले आहे. वसुलीच्या दौऱ्यावरून परतताना तिथे चहा ठरलेला असे.

आधी पुठ्ठ्यावर आकार कापून तो गाडीच्या तोंडाला लावून पाहायचा. लायसन्सची पाटी, दिवे आणि रेडिएटरची हवा अडता कामा नये. जुन्या जीपला खाली शिडीसारखी चेसिस असते, दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी पायरी. त्या पट्ट्यांची टोके समोर येतात, बंपर तिथेच बसतो. मिस्त्री तो कधीही चेसिसला वेल्ड करत नसत. नटबोल्टनेच कसत. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसचे लोखंड त्या जागी कमजोर होते आणि खड्ड्यांत आदळून आदळून नेमकी तिथेच चीर जाते, हे त्यांनी मला शिकवले.

पाइप वाकवणे हे खरे कसबाचे काम. नुसता तापवून वाकवला तर आतल्या बाजूने चेपतो. म्हणून त्यात वाळू ठासून भरायची आणि दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकायच्या. वाळू हाडासारखी कोरडी हवी. ओली राहिली तर आत वाफ धरते आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. अरुणावतीची वाळू ते चुलीवर परतून घेत, रवा भाजावा तशी. मग पाइप लाल करून ट्रकच्या जुन्या रिमभोवती हळूहळू ओढायचा. पाइपाला पाइप जोडायचा तर टोकाला माशाच्या तोंडासारखा काप द्यायचा म्हणजे तो दुसऱ्याच्या गोलाईवर नेमका बसतो. आधी सगळीकडे फक्त टाके मारायचे, गुण्या लावून कोन तपासायचे आणि मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे वेल्डिंग पुरे करायचे, कारण थंड होताना वेल्डिंग लोखंडाला आपल्याकडे ओढते. एका अंगाने सरळ ओढत नेले तर बंपर तिरळा होतो. दिवसा व्होल्टेज नसायचे, त्यामुळे महत्त्वाचे जोड रात्री दहानंतर. गाडीवर बसवून काही वेल्ड करायची पाळी आलीच तर आधी बॅटरीची वायर काढायची. शेवटी हातोडीने वरची खपली झाडायची, ग्राइंडर फिरवायचा, रेड ऑक्साइडचा हात, मग काळा रंग. त्यावर पेंटर पिवळ्या अक्षरांत ‘जय सेवालाल’ किंवा ‘आई जगदंबा’ लिहीत असे.

वजनाचा हिशेब मिस्त्री तोंडी करत. शंभरचे चॅनल मीटरला साडेनऊ किलो, दोन इंची मध्यम पाइप पाच किलो. पूर्ण बंपर चाळीस किलोंच्या घरात जायचा.

आता माझ्याविषयी. आमच्या शाखेने काही जीपगाड्यांनाही कर्ज दिले होते. गाडीची तपासणी करून अहवाल लिहायचा हे माझे काम. एका अहवालात मी वाक्य लिहिल्याचे मला नीट आठवते, कारण ते लिहिताना मी स्वतःवर खूश झालो होतो : ‘वाहनास समोरून भक्कम लोखंडी बंपर बसविला असून तारण सुरक्षित आहे.’ बँकेच्या दृष्टीने जीप म्हणजे तारण, आणि तारणाला पोचा आला नाही की झाले. १९९६ च्या सुरुवातीला माझी बदली झाली.

तर गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन मिस्त्रींकडे गेलो. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले, बोनेट उघडून पाहिले आणि हात पुसत म्हणाले, “साहेब, या गाडीले गार्ड नाही लावत मी.”

भाच्याला वाटले पैशांचा प्रश्न आहे. मिस्त्री हसले. “जुन्या जीपची गोष्ट अलग होती. तिले खाली चेसिस होती. हिचं आंगच हिची चेसिस हाय. समोरचा भाग मुद्दाम नरम ठेवला हाय कंपनीनं.”

ते खरे आहे, आणि त्यामागे मोठी कथा आहे. गाडी जितकी टणक तितका माणूस सुरक्षित, असे जगभरचे इंजिनियर अनेक वर्षे समजत होते. मर्सिडीज कंपनीतल्या बेला बारेन्यी यांनी १९५१ च्या सुमारास उलटा विचार मांडला. मधली बसायची पेटी टणक असू द्या, पुढचा-मागचा भाग मात्र चुरगळू द्या. १९५९ साली तशी गाडी बाजारात आली. हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चौथ्या मजल्याच्या वरून, पडणे. खाली गवताची गंजी असेल तर माणूस वाचेल, फरशी असेल तर नाही. पुढचा भाग अर्धा मीटर चुरगळला तर ती गंजी. त्यापुढे लोखंडी चॅनल ठोकून धक्का थेट सांगाड्यात पोचवला तर ती फरशी. शिवाय एअरबॅग केव्हा उघडायची ते सेन्सर धक्क्याच्या जातीवरून ठरवतात, आणि उघडायला त्यांच्याजवळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ नसतो. कंपनीने ज्या नाकासाठी हा हिशेब बसवला ते नाकच आपण बदलले तर हिशेब चुकू शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले आणि कारवाई करायला सांगितले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. तरी रस्त्यावर गार्ड दिसतातच. कायद्याला धरून असलेले काम आणि हाताचे कसब यांचे आपल्याकडे नेहमीच थोडे वाकडे. सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे या जन्मगावी, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमात बसणार नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. मला दोघांचेही म्हणणे पटते.

भाचा मात्र अडून बसला. “पण मिस्त्री, रोही आला तर?”

“रोही उंच जनावर हाय. गार्ड त्याच्या पायाले लागते आन् वरचं धूड काचेवर येते. डुकराले कामी पडंल तुमचा गार्ड, रोह्याले नाही.”

एवढ्यावर विषय संपला असता. पण चहा आल्यावर, भाचा फोनवर बोलायला बाहेर गेल्यावर, मिस्त्रींनी मला विचारले, “साहेब, तुम्ही कर्ज दिलेली ती एमएच तीसवाली जीप आठवते?” तिचा बंपर यांनीच केला होता. माझ्या अहवालातला तोच. १९९६ च्या पावसाळ्यात, माझी बदली झाल्यावर, संध्याकाळच्या अंधारात त्या जीपने वावरातून परतणाऱ्या एका सायकलवाल्याला उडवले. दुसऱ्या आठवड्यात जीपमालक पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानावर आला.

“म्हणे, मिस्त्री, काय काम केलं तुम्ही! गाडीले ओरखडासुद्धा नाही. मी म्हटलं, आन् सायकलवाला? तर म्हणे, तो तर गेला ना जागेवर.”

मिस्त्री जीप पाहायला गेले होते. ओरखडा खरोखरच नव्हता. सायकलवाला बंपरच्या मधल्या भागाला लागलाच नव्हता, त्याला लागले होते चॅनलचे बाहेर आलेले उघडे टोक. “खुलं ठेवलं होतं मी ते. टोपण मारून, घासून गोल करायले दहा मिनिटं लागली असती. मालक घाईत होता. मी बी घाईत होतो.”

त्यानंतर काही वर्षे ते टोके मागे वळवून, बंद करून बंपर करत राहिले आणि मग ते काम सोडलेच. ट्रॉल्या, फाटके, खिडक्यांच्या जाळ्या, एवढेच. सायकलवाल्याच्या घरी ते गेले होते की नाही, हे मी विचारले नाही. कर्जाचे काय झाले, तेही विचारले नाही. पण ते मला माहीत होते. जीपचे हप्ते नियमित भरले गेले आणि खाते वेळेत बंद झाले. आमच्या दप्तरात त्या गाडीविषयी एकही प्रतिकूल शेरा नव्हता.

परतताना भाचा बराच वेळ गप्प होता. कारंज्याजवळून आता समृद्धी महामार्ग जातो, तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाला हा हिशेब चौपट होतो, चौदा मीटरचे छप्पन्न होतात, हे मी त्याला सांगणार होतो. पण तो आपणहूनच पन्नासच्या खाली चालवत होता, म्हणून राहिलो. मागे बसलेल्या धाकटीचा पट्टा त्याने दोनदा वळून तपासला.

आणलेल्या लोखंडाचे काय, हा प्रश्न होताच. पाइप परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. शेवटी मिस्त्रींनीच तोडगा काढला. भाच्याच्या वावराला धुऱ्याच्या बाजूने फाटक नव्हते आणि रोही तिथूनच आत शिरत. मोजमाप घेतले आणि पंधरा दिवसांत फाटक बसले. मी पाहायला गेलो होतो. चॅनलची चारही टोके पत्र्याचे टोपण मारून बंद केलेली होती आणि ग्राइंडरने इतकी गोल घासलेली, की हात फिरवला तर कुठे जोड आहे ते कळत नव्हते. बिलात त्याची मजुरी धरलेली नव्हती.