मोट, थारोळे आणि पाट : एका जुन्या प्रोसेसरविषयीचे गैरसमज

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मग ते जिंतूर असो की पालम, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या कार्यालयात अथवा एखाद्या वकिलाच्या बैठकीत सहज डोकावले, तर मेजाखालच्या धुळीत एक करड्या रंगाची, दर्शनी भागावरचे चिकटपत्र अर्धे निघालेली पेटी अद्याप इमानाने चाकरीवर हजर असलेली आढळते. आणि तिचा मालक मात्र तिच्याविषयी, घरातल्या थकलेल्या बैलाविषयी बोलावे तसे, काहीशा करुणेने आणि बऱ्याचशा अज्ञानाने बोलत असतो. त्या अज्ञानाचा यथाशक्ती परिहार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल इंटेल कंपनीचा कोअर २ ड्युओ ई ७५०० हा प्रोसेसर घेतला आहे. जानेवारी २००९ मध्ये तो बाजारात आला, आणि त्याच्याविषयी जे सांगायचे ते त्याच्या बहुतेक समकालीनांनाही लागू पडते.

प्रथम त्याचा तपशील. ४५ नॅनोमीटर पद्धतीने घडवलेला सुमारे ८२ चौरस मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा, त्यावर २२ कोटी ८० लक्ष ट्रान्झिस्टर, दोन कोअर, वेग २.९३ गिगाहर्ट्झ, दोन्ही कोअरना सामाईक अशी ३ मेगाबाइटची कॅश, स्मृतीकडे जाणाऱ्या बसचा वेग १०६६ मेगाहर्ट्झ, आणि उष्णतेची मर्यादा ६५ वॅट. हे आकडे दुकानदाराच्या पावतीवर जसे असतात तसेच येथे दिले. त्यांचा अर्थ लावताना जो घोटाळा होतो, त्याकडे आता वळू.

गैरसमज : सीपीयू म्हणजे ती पेटी

आपल्याकडे अवघ्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, ‘सीपीयू जळाला’ ही वार्ता घेऊन येणाऱ्या माणसाचा बहुतेक वेळा केवळ वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, निकामी झालेला असतो. वस्तुतः सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो वर सांगितलेला, अंगठ्याच्या नखाहून मोठा नसलेला तुकडा होय. पेटीतील मदरबोर्ड, डिस्क, स्मृती, पंखा हे सर्व त्याचे निरनिराळे सहकारी असून, त्यांतील एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो, ही पुढील बहुतेक गैरसमजांची जननी आहे.

गैरसमज : गिगाहर्ट्झ जास्त म्हणजे वेग जास्त

ज्यांनी विहिरीवर मोट चालताना पाहिली अशी पिढी आता विरळ होत चालली असली, तरी हा विषय समजण्यास मोटेसारखे दुसरे साधन नाही. बैल धावेवरून उतरतात, मोट वर येते, थारोळ्यात रिती होते आणि पाणी पाटाने शेतात जाते. तासाभरात किती खेपा झाल्या हे मोजून कोणी भिजलेल्या वाफ्यांचा हिशेब मांडू लागला, तर शहाणा शेतकरी त्याला पहिला प्रश्न हाच विचारील की, बाबा रे, मोट केवढी होती? गिगाहर्ट्झ ही खेपांची संख्या आहे, २.९३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला सुमारे २९३ कोटी ठोके. एका ठोक्याचा अवधी इतका सूक्ष्म की, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीतही न भरणारे अंतर कापतो. परंतु प्रत्येक ठोक्यात काम किती होते, हे मोटेचे माप त्या आकड्यात कोठेच नसते.

याचे प्रमाण खुद्द याच कंपनीच्या इतिहासात आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या पेंटियम ४ च्या ‘प्रेस्कॉट’ आवृत्तीत ३ गिगाहर्ट्झचा नमुना होता, म्हणजे कागदावर तो ई ७५०० हून किंचित वरचढ. प्रत्यक्षात मात्र एकाच कोअरचा हिशेब धरला तरी ई ७५०० त्याला मागे टाकतो. कारण असे की, ठोके वाढवण्याच्या हव्यासापोटी प्रेस्कॉटमध्ये प्रत्येक आज्ञेच्या प्रवासाचे तब्बल ३१ टप्पे करण्यात आले होते, तर कोअर २ च्या रचनेत ते सुमारे १४ आहेत. फेरफाराचा एखादा अर्ज १४ मेजांवरून जातो की ३१ मेजांवरून, याने एरवी फारसे बिघडत नाही, कारण मागोमाग दुसरे अर्ज येतच असतात. पण पुढच्या निकालाचा अंदाज बांधून आधीच रवाना केलेली प्रकरणे, तो अंदाज चुकल्याचे कळताच, जेव्हा सगळीच्या सगळी रद्द करून पहिल्या मेजापासून पुन्हा सुरू करावी लागतात, तेव्हा ३१ मेजांच्या कचेरीची जी दुर्दशा होते, ती १४ मेजांच्या कचेरीची होत नाही. शिवाय कोअर २ एका ठोक्यात चार आज्ञा हाताळू शकतो. म्हणजे मोटच मोठी. पेंटियम ४ ची मजल अखेर ३.८ गिगाहर्ट्झवर खुंटली, त्याच्या वारसाचे काम कंपनीने मे २००४ मध्येच थांबवले, आणि जुलै २००६ मध्ये कमी ठोक्यांचा परंतु अधिक काम करणारा कोअर २ ड्युओ बाजारात उतरला.

हेच तत्त्व उलट दिशेनेही लागू आहे, आणि ते जुन्याच्या अभिमान्यांनी विसरू नये. आजचा नवा प्रोसेसर आणि ई ७५०० या दोघांवर ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा दिसला, तरी नव्याची मोट कित्येक पटींनी मोठी असते.

गैरसमज : दोन कोअर म्हणजे दुप्पट वेग

२.९३ अधिक २.९३ बरोबर ५.८६ अशी बेरीज करून दाखवणारे विक्रेते एके काळी सर्वत्र होते. दोन मोटांच्या विहिरीवर दुप्पट पाणी निघते हे खरे, पण ते विहिरीला तेवढा झरा असेल आणि पाट तेवढा रुंद असेल तरच. ई ७५०० चे दोन्ही कोअर एकाच थारोळ्यात, म्हणजे सामाईक कॅशमध्ये, रिते होतात आणि एकाच पाटाने स्मृतीशी व्यवहार करतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट कामाच्या स्वरूपाची. एखाद्या कामाचा निम्मा भाग असा असेल की, तो एकामागून एकच करावा लागतो, तर दुसऱ्या कोअरमुळे एकंदर वेग दुप्पट न होता अवघा १.३३ पट होतो. कामाचा चार पंचमांश भाग वाटून देण्याजोगा असला, तरीही १.६७ पटीपलीकडे मजल जात नाही. दुसऱ्या कोअरचा खरा लाभ असा की, एक कोअर छपाईत अथवा विषाणुशोधनात गुंतलेला असताना दुसरा आपल्या टंकलेखनास मोकळा राहतो.

गैरसमज : नावात सर्व काही आले

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण ज्या जोमाने उच्चारतो, तिच्यात भूगोल थोडा आणि माया फार असते, हे आपणही जाणतो. मात्र बाजारातील नावांच्या बाबतीत हा विवेक आपल्याला सुटतो. १९९३ साली पहिला पेंटियम आला तेव्हा ते नाव अव्वल दर्जाचे निदर्शक होते, आणि त्याचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले असल्याने आपल्याला त्या नावाविषयी जवळीकही वाटते. पुढे तेच नाव दुय्यम मालिकेला दिले गेले. ‘ड्युअल कोअर’ हे तर विशिष्ट प्रोसेसरचे नावच नव्हे. दोन कोअर असलेला कोणताही प्रोसेसर ड्युअल कोअरच. २००५ चा तापट पेंटियम डी, २.५ गिगाहर्ट्झ आणि २ मेगाबाइट कॅशचा पेंटियम ड्युअल कोअर ई ५२००, आपला ई ७५०० आणि ६ मेगाबाइट कॅशचा ई ८४००, हे सारे त्या एकाच विशेषणाखाली खपले. सबब, जुना संगणक घेताना पुढचे चिकटपत्र न वाचता नमुना क्रमांक वाचावा.

गैरसमज : प्रोसेसर वयाने मंद होतो

हा सर्वांत खोल रुजलेला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. प्रोसेसरचा ठोका मदरबोर्डवरील स्फटिकाच्या कंपनावरून ठरतो. ई ७५०० मध्ये २६६ मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याची ११ पट केलेली असते, आणि २००९ साली तो सेकंदाला जेवढ्या खेपा करी, तेवढ्याच आजही करतो. मग संगणक रखडतो तो का?

पहिले कारण डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला अर्ध्या फेऱ्यासाठी ४.१७ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरीने एवढा काळ जातो, आणि तेवढ्यात आपल्या प्रोसेसरचे सुमारे १ कोटी २२ लक्ष ठोके केवळ प्रतीक्षेत वाया जातात. पाट बुजलेला आणि दोष मात्र मोटेला, अशी ही स्थिती. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की हा फेराच नाहीसा होतो. जुन्या मदरबोर्डची सॅटा जोडणी नव्या एसएसडीला तिच्या पूर्ण वेगाने धावू देत नसली, तरी संगणक उघडण्याच्या अवधीत जो पालट दिसतो तो दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीने दिसत नाही.

दुसरे कारण आपल्या प्रदेशाचे. वैशाखात येथे पारा ४३ अंशांवर सहज जातो. मानवत-सेलूकडच्या जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू हवेतून उडत असतात, आणि पेटीतला पंखा ते सारे ओढून प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांत ठासून भरतो. प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती तापेल हे कामाच्या भारावर आणि थंड करण्याच्या व्यवस्थेवर ठरते. हा फरक ३० अंशांचा धरला, तर २५ अंशांच्या खोलीत तो ५५ अंशांवर राहील आणि ४३ अंशांच्या खोलीत ७३ वर. त्यात पाती धुळीने बुजली, प्रोसेसर आणि पाती यांमधील लेप सुकला, की हा फरकच वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपले काम आपणच मंदावतो. मेमध्ये रडणारा तोच संगणक, कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा ५ अंशांच्याही खाली उतरणाऱ्या थंडीत, जर पुन्हा तरतरीत झालेला आढळला, तर त्याचे रहस्य वयात नसून धुळीत आहे. ब्रश, फुंकणी आणि थोडासा नवा लेप हे त्यावरचे औषध.

गैरसमज : रॅम वाटेल तेवढी घालता येते, आणि जुना म्हणजे ३२ बिटांचाच

ई ७५०० हा ६४ बिटांची प्रणाली चालवू शकतो; पुष्कळ ठिकाणी त्यावर ३२ बिटांची विंडोज घातली गेली, हा घालणाऱ्याचा निर्णय होता. त्या ३२ बिटांच्या विंडोजला ४ गिगाबाइटपलीकडची स्मृती वापरताच येत नाही, आणि प्रत्यक्षात तर त्याहूनही काही कमीच हाती लागते. उलट मर्यादा मदरबोर्डचीही असते : जी ३१ चिपसेटच्या बोर्डवर ४ गिगाबाइट, जी ४१ वर ८ गिगाबाइट. नवीन रॅम विकत घेण्यापूर्वी या दोन्ही गोष्टींची रुजुवात घालावी.

गैरसमज : आता तो भंगारातच काढावा, किंवा, त्याला काहीच अशक्य नाही

ही दोन्ही टोके चुकीची आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही, आणि तिच्या २४ एच २ आवृत्तीस लागणारा एसएसई ४.२ हा आज्ञासमूह त्याच्यात मुळातच नसल्याने आडमार्गानेही ती त्यावर चालत नाही. चलच्चित्रांसाठी आज रूढ झालेल्या व्हीपी ९ आणि एव्ही १ या पद्धती उलगडण्याची सोय त्या काळच्या बोर्डवरील ग्राफिक्समध्ये नसल्यामुळे तो सर्व भार बिचाऱ्या दोन कोअरांवर पडतो आणि चित्र अडखळते. याउलट डेबियन अथवा मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली, ४ ते ८ गिगाबाइट स्मृती आणि एसएसडी यांच्या साहाय्याने तोच प्रोसेसर युनिकोड देवनागरीत अर्ज टंकणे, हिशेबाचे तक्ते करणे, सातबारा उतरवून छापणे ही कामे विनातक्रार करतो.

मोट आपल्या विहिरींवरून गेली ती पाणी उपसण्याचे विसरली म्हणून नव्हे. जायकवाडीचा कालवा आला, विजेचे पंप आले, शेतात ऊस उभा राहिला आणि त्या पिकाची तहान मोटेच्या खेपांनी भागेनाशी झाली. पण ज्याच्या दारात दोन वाफे मेथीचे होते, त्याला मोट पुढेही पुरली. घरातल्या जुन्या प्रोसेसरचा निकाल लावण्यापूर्वी आपल्या शेतात पीक कोणते उभे आहे, एवढे एकदा पाहावे; आणि त्याआधी पाटातला गाळ काढून पाहावा.