तेल्या डाळिंबालाच का धरतो?

आमच्या तुळजापूर भागात बांधाच्या एका अंगाला कागदी लिंबू आणि दुसऱ्या अंगाला डाळिंब असे चित्र दिसते. पावसाळ्यात लिंबाच्या पानाफळांवर खरबरीत खपल्या येतात, तो खैऱ्या. डाळिंबावर तेलकट डाग पडून फळ तडकते, तो तेल्या. शेतकरी मला विचारतात, 'लिंबाचा रोग डाळिंबावर जाईल का हो?'

जात नाही. नवल असे, की दोन्ही रोगांचे जिवाणू एकाच जातीचे आहेत. 'झँथोमोनास सिट्री' हे तिचे नाव. आंब्याच्या पानांवर काळे ठिपके पाडणारा आणि कपाशीवर करपा आणणारा जिवाणूही याच घरातला. आंब्यावरच्या जिवाणूचे वर्णन पुण्यात एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये केले. त्या काळी झाड नवे, की जिवाणूचे नावही नवे, अशी पद्धत होती. पुढे जनुके वाचता आली, तेव्हा ही सगळी भावंडे निघाली.

मग भावंडांची घरे वेगळी का? हा जिवाणू पानाच्या रंध्रातून किंवा जखमेतून आत शिरतो. पण पेशीत जात नाही. पेशींमधल्या फटीत बसून सुईसारख्या नळीने आपली प्रथिने पेशीत सोडतो. कोणती प्रथिने सोडायची, हे त्याची जनुके ठरवतात आणि तिथेच भावंडांत फरक पडतो.

खैऱ्याचे एक प्रथिन लिंबाच्या पेशीकेंद्रात जाऊन तिथल्या एका ठराविक जनुकापुढची अक्षरे ओळखते आणि ते जनुक चालू करते. पेशी फुगतात, खपली उठते. ती अक्षरे ज्या झाडात नाहीत, तिथे या प्रथिनाची मात्रा चालत नाही. तेल्याचे काही काम 'झॉप-एन' नावाच्या प्रथिनावर चालते. ते झाडाची राखण ढिली करते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते जनुक निकामी केले, तेव्हा जिवाणूची पानातली वाढ खुंटली. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

उलटही घडते. टोमॅटो-मिरचीवरच्या झँथोमोनासचे एक प्रथिन तंबाखूचे एक रानटी भावंड ओळखते आणि जिवाणूला रोखते. ते जनुक काढून टाकताच जिवाणू त्या झाडावरही रोग करू लागला. म्हणजे एखादे जनुक गेल्यानेही नवे झाड मोकळे होते. जिवाणू एकमेकांत जनुकांची देवाणघेवाणही करतात. तेव्हा आजची हद्द कायमची समजू नये.

शेतकऱ्याने यातून काय घ्यावे? शेजारच्या लिंबाला दोष देऊ नये. तेल्या येतो तो डाळिंबावरूनच: रोगट बागेतल्या गुटी कलमांतून, छाटणीच्या कात्रीवरून, पावसाच्या उडत्या थेंबांतून. रोप घेताना मातृबाग पाहावी, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी. पावसात सापडणाऱ्या मृग बहाराला अधिक जपावे. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. सल्ला जवळच मिळतो. तेल्याला दाद न देणारे वाण हवे असेल, तर आधी त्याची कोणती जनुके डाळिंबाला फसवतात, हे कळायला हवे. म्हणून प्रयोगशाळेतले हे बारीक काम आपल्या बागेचेच काम आहे.