डोंगर आधी, विहीर नंतर
जिंतूर तालुक्यातलं चारठाणा जुन्या मंदिरांसाठी आणि देखण्या बारवेसाठी ओळखलं जातं. बारवेत पाणी टिकायचं, तर आजूबाजूच्या रानात ते मुरलं पाहिजे. इथला खडक बेसॉल्ट. पाणी धरतात वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. उतारावरची माती वाहून गेली की ही साठवणही आटते. म्हणून माती-पाणी अडवण्याच्या कामाची सुरुवात डोंगरमाथ्यावरून हवी: समतल चर, मग दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारा. आपल्याकडे बंधाऱ्याचीच घाई होते आणि तो गाळानं भरतो, याची खंत वाटते. शेतातही पाणी मुरवता येतं: सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर सरीत पाऊस मुरतो, जादा पाणी निघून जातं. उताराला आडवी पेरणी करायला तर वेगळा खर्चही लागत नाही.