गाडी त्याची, हिशेब आपला

मैत्रिणींनो, घरात मिक्सर घ्यायचा असला तर आपण एकट्या जाऊन घेऊन येतो. फ्रिज घ्यायचा तर निदान आपल्याला विचारतात तरी. पण दुचाकीचा विषय निघाला की बैठक बाहेरच्या खोलीत बसते, आणि आपण चहाचे कप ठेवून आत यायचं! ‘तुला त्यातलं काय कळतं?’ असं तोंडाने कुणी म्हणत नाही हो, पण म्हणण्याचा अर्थ तोच. आणि मग दर महिन्याला हप्ता कुठल्या डब्यातून जातो? आपल्याच.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या पावसाळ्यात, आमच्याकडे हा विषय निघाला. धाकट्याला भोसरीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. राहायला आम्ही धायरीत. जायला पंचवीस किलोमीटर, यायला पंचवीस. पगार नवशिक्याचा. चिरंजीवांना हवी होती एकशेसाठ सीसीची, पुढून चोच काढलेली, मागची सीट पोपटाच्या दांडीएवढी. ह्यांचं म्हणणं, स्कूटरच घे, डिकीत डबा मावतो. जाऊबाईंच्या मुलाने सल्ला दिला की आता विजेवरचीच घ्यायची. मी काय केलं, दुधाच्या हिशेबाची वही उघडली आणि मागच्या पानावर रेघ मारली.

ह्यांच्या स्कूटरप्रेमाला इतिहास आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ साली चेतक निघाली, आणि पुण्यात राहून पुणेकराला ती मिळेना! नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. आमच्या मामंजींनी नंबर लावला तेव्हा हे शाळेत होते, गाडी दारात आली तेव्हा कॉलेजात. परवान्यांचा जमाना, कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. लग्नाच्या याद्यांत ‘मुलाला स्कूटर’ ही ओळ त्याच काळात घुसली, आणि किती वधूपित्यांनी त्यापायी कर्ज काढलं ते तुमच्या-माझ्या माहेरी विचारा. चेतकला गिअर हाताने टाकायचे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, आणि सकाळी सुरू झाली नाही तर तिला एका अंगावर कलती करून मग किक मारायची. हा विधी आमच्या वाड्यात रोज सात वाजता चाले.

बायकांच्या हातात गाडी आली ती मात्र लूनामुळे. तीही पुण्याचीच, कायनेटिकची, आणि सालही तेच, १९७२. पन्नास सीसी, पेडल मारून सुरू होणारी, वजनाला हलकी. मग १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाहीत, पुढे पाय ठेवायला सपाट जागा, त्यामुळे साडी सांभाळून बसता येई. पुण्यातल्या शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या मुली या गाडीवर बसून कामाला जाऊ लागल्या आणि कुणाच्या मागे बसण्याची गरज संपली. मीही त्यातलीच एक. म्हणून म्हणते, गाडीतलं आपल्याला कळत नाही हे खरं नाही.

असो. वहीकडे वळू.

पहिला प्रश्न ‘कुठली गाडी’ हा नाहीच. रोज किती किलोमीटर, हा. आमचा हिशेब असा झाला : रोजचे ५०, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर. शंभर सीसीची साधी मोटरसायकल शहरात लिटरला साठच्या आसपास देते. (शोरूमवाला याहून जास्त सांगतो. त्याच्या आकड्यातून दहा वजा करायचे, भाजीवाल्याशी करतो तसं. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने थोडं कमीच पडतं.) म्हणजे महिन्याला २१ लिटर. स्कूटर पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे २८ लिटर. सात लिटरचा फरक. पुण्यात पेट्रोल शंभराच्या वर आहे, पण सोपं जावं म्हणून शंभरच धरा : महिन्याला सातशे, वर्षाला ८,४०० रुपये. पाच वर्षं गाडी चालवली तर बेचाळीस हजार. एवढ्यात अर्ध्याहून जास्त गाडी आली की!

पण हाच हिशेब तुमच्या घरचा असेल असं नाही हं. यजमानांचं ऑफिस पाच किलोमीटरवर असेल, तर रोजचे दहा, महिन्याचे अडीचशे. मग फरक पडतो दीड लिटरचाही नाही. दीडशे रुपयांसाठी मोटरसायकल घेऊन बसू नका. स्कूटर घ्या, ती तुम्हालाही चालवता येईल, भाजीची पिशवी पायाशी राहील, पोराला क्लासला सोडता येईल. घरात एकच गाडी परवडणार असेल आणि दोघांनी वापरायची असेल, तर माझं मत स्कूटरच्या पारड्यात. विजेवरच्या गाडीचंही तेच : चार्जिंगला खाली स्वतःची जागा आणि मीटर असेल तर खुशाल विचार करा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीच्या सभेत पार्किंगमधल्या प्लगवरून तीनदा भांडणं झाली आहेत. तो विषय मी तिथेच मिटवला.

एकशेसाठ सीसीचं काय? ती लिटरला स्कूटरइतकंच देते, किंमत लाखाच्या पुढे, आणि दीडशे सीसीच्या वर गेलं की थर्ड पार्टी विम्याची रक्कम जवळजवळ दुप्पट होते. नव्या दुचाकीला हा विमा पाच वर्षांचा एकदमच भरावा लागतो, २०१८च्या सप्टेंबरपासूनचा नियम आहे. चिरंजीव दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘बरं, शंभर सीसीच्या बघू.’

शंभर सीसीत बघण्यासारखं पुष्कळ आहे. हीरोची स्प्लेंडर १९९४पासून रस्त्यावर आहे. गल्लीतल्या कुठल्याही मेकॅनिकला तिची नाडी ठाऊक. बजाजची प्लॅटिना २००६ची, सीट मऊ. होंडाची शाईन १०० ही २०२३ची, वजनाला शंभर किलोच्या आत, म्हणजे गल्लीत ढकलून वळवायला सोपी. टीव्हीएसची स्पोर्ट यांच्याहूनही स्वस्तात. सीएनजीवर चालणारी बजाजची फ्रीडम जुलै २०२४मध्ये आली. तिच्यात दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल बसतं. इंधनाला ती स्वस्त पडते खरी, पण एकशेपंचवीस सीसीची असल्यामुळे घेताना महाग, आणि पाळीवर वेळेत पोचायचं असताना सीएनजीच्या रांगेत उभं राहायचं, हे आमच्या गणितात बसेना.

आता किमतीची गंमत. जाहिरातीत असते ती शोरूमची किंमत. तिच्यावर रस्ता कर, तो दहा-अकरा टक्के. मग नोंदणी, विमा. आणि मग सुरू होतात ‘हँडलिंग’, ‘ॲक्सेसरीज किट’, ‘पॉलिश’ असले प्रकार. एका ठिकाणी आम्हाला कागद दिला त्यात साडेपाच हजारांचे असे दागिने होते. मी म्हटलं, ‘एकेक ओळ वाचून दाखवा.’ तीन ओळी त्यांनी आपणहून खोडल्या. विमा त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असं काही नाही, बाहेरून घेता येतो. आणि हेल्मेट गाडीबरोबर द्यावं असं मोटार वाहन नियमांतच आहे, ते मागून घ्या. त्यावर आयएसआयची खूण बघा. जून २०२१पासून त्याशिवायचं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याच्या कडेला मिळतंच.

कर्जाकडे तर डोळे उघडे ठेवून बघा बाई. ‘फक्त दहा टक्के व्याज!’ असं सांगतात, पण ते ‘फ्लॅट’ दहा टक्के असतं. म्हणजे काय? समजा ८० हजार तीन वर्षांसाठी घेतले. वर्षाला ८ हजार व्याज, तिन्ही वर्षांचे २४ हजार. एकूण १ लाख ४ हजार, हप्ता साधारण २,८९० रुपये. पण दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल फेडत असताच ना? तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारांवर. घटत्या शिलकेवर मांडलं तर हे व्याज अठरा टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून विचारायचं एकच : ‘घटत्या शिलकेवर किती?’ प्रश्न ऐकून समोरच्या मुलाने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही शेवटी भिशीचे पैसे आणि एक मुदत ठेव मोडून निम्मी रक्कम रोख भरली, उरलेल्याला बँकेचं कर्ज.

थोडं थांबल्याचाही फायदा झाला. १५ ऑगस्टला करकपातीची घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. मूळ किंमत ६० हजार असेल तर सहा हजार वाचले. तो दिवस नेमका घटस्थापनेचा, मग काय, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

हे सगळं पैशाचं झालं. आता मला खरं जे सांगायचं आहे ते.

तीस वर्षांपूर्वी भावजींच्या नव्या मोटरसायकलवर मी मागे बसले होते. एका अंगाने, साडीत. गाडीच्या डाव्या बाजूला चाकापाशी जाळी असते, साडी गार्ड म्हणतात तिला, ती भावजींनी ‘बरी दिसत नाही’ म्हणून काढून टाकली होती. पदर कधी सुटला मला कळलंच नाही. मानेला हिसका बसला आणि मी रस्त्यावर. मागून येणारा टेम्पो थांबला म्हणून आज हे लिहिते आहे. डावा हात कोपरात आजही पूर्ण सरळ होत नाही; पोळ्या लाटताना दिसतं. भावजी दवाखान्यात रडले. मी त्यांना काही बोलले नाही, आजही बोलत नाही.

तर सांगायचं असं की ही जाळी हौसेची नाही, कायद्याची आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे : मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला पायटे, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण. गाडी घेताना तिन्ही हात लावून बघा. नुसतं बघू नका, मागे बसा. मी शोरूममध्ये हट्टाने बसले. एका गाडीच्या पायट्यावर माझा पाय टेकतच नव्हता, ती बाद झाली. ओढणी असली तर कमरेला गाठ मारून. पुण्यातल्या मुली तोंडाला स्कार्फ घट्ट बांधतात, पण ओढणीचं टोक मागे सोडतात, मला सिग्नलला बघवत नाही. आणि लेकरू मागे असेल तर चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट, वेग चाळीसच्या आत, असा नियम २०२३पासून लागू आहे.

रस्त्याचंही घरात बोलून ठरवा. धायरीहून भोसरीला जायला बायपास जवळचा वाटतो, पण नवले पुलाच्या उतारावर २०२२च्या नोव्हेंबरात एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, तेव्हा ती बातमी बघत आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे होतो. सकाळपाळीला त्याने स्वारगेटला गाडी लावावी आणि मेट्रोने नाशिक फाट्यापर्यंत जावं, असं मी सुचवलं. सप्टेंबर २०२४पासून स्वारगेटहून थेट पिंपरीपर्यंत मेट्रो आहे. सकाळपाळीला तो कधी कधी तसं करतो. दुसरी पाळी सुटायला मात्र रात्रीचे बारा होतात, तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. तेव्हा शहरातून यायचं, बायपासने नाही, असं ठरलं आहे. तो पाळतो का, ते मी किलोमीटरच्या आकड्यावरून ओळखते.

दसऱ्याला गाडी आली. काळी, शंभर सीसीची. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. ह्यांनी एकदा हँडल धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘गिअर पायात! मला नाही बाबा जमायचं.’ शेजारच्या काकांनी ‘अरे, दिवसा लाइट चालू राहिलाय!’ म्हणून ओरडून सांगितलं. तो २०१७पासून बंदच होत नाही हे त्यांना समजावता समजावता पेढे संपले.

पहिल्या महिन्याचा हिशेब वहीत आहे : १,१८० किलोमीटर, २० लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला ५९. वही बघून चिरंजीव हसले. त्यांच्या मित्राने साडी गार्ड काढायला सुचवलं होतं म्हणे, गॅरेजात दहा मिनिटांचं काम. जाळी अजून जागेवर आहे. सकाळी दूध घ्यायला खाली उतरते, तेव्हा मी हात लावून बघते.